एकोणसत्तर पानांचा प्रश्न

मे महिन्यात गडचिरोलीतल्या कुठल्याही तेंदूफळीवर, म्हणजे तेंदूची पानं मोजून घ्यायच्या जागी, संध्याकाळी जाऊन उभे राहा. पहाटे जंगलात गेलेली माणसं दुपारभर घरच्या सावलीत पानं जुळवतात, पुडे बांधतात आणि ऊन उतरलं की ते डोक्यावर घेऊन फळीवर येतात. आमच्या भागात ७० पानांचा एक पुडा आणि १००० पुड्यांची एक प्रमाण गोणी धरतात. म्हणजे एका गोणीत ७० हजार पानं. फळीवर पुडे ओळीने मांडले जातात, मोजणारा मुन्शी मोजतो, वहीत आकडा चढतो. पण मोजणाऱ्याने तोंड उघडायच्या आधीच तो आकडा पुडे आणणाऱ्या बाईला ठाऊक असतो. ती घरूनच मोजून आलेली असते. दोन्ही आकडे जुळले की ती काही न बोलता वाटेला लागते. नाही जुळले तर तिथेच उभी राहते, आणि मग फळीवर आवाज चढतात.

प्रोग्रामिंग शिकायला लागलेल्या मुलांना युनिट टेस्ट समजावताना मला या बाईइतकं चांगलं उदाहरण अजून सापडलेलं नाही. प्रोग्रामचा एक छोटा, सुटा तुकडा घ्यायचा, बहुतेक वेळा एखादं फंक्शन. त्याला ठरावीक माहिती द्यायची. तो काय उत्तर देतो ते, आपण आधीच काढून ठेवलेल्या उत्तराशी ताडून बघायचं. हे ताडून बघण्याचं काम आपण डोळ्यांनी करत नाही, दुसरा एक लहानसा प्रोग्राम करतो. त्यालाच टेस्ट म्हणतात. यात कळीचा शब्द ‘आधीच’ हा आहे. नवशिक्यांची गाडी नेमकी तिथेच अडते.

चंद्रपुरात शनिवारी संध्याकाळी आम्ही पाच-सहा जण लॅपटॉप घेऊन बसतो. मुलं इंजिनीअरिंगची किंवा बीएस्सीची. टेस्टिंग हा शब्द त्यांना नवा नसतो. ब्लॅक बॉक्स आणि व्हाइट बॉक्स टेस्टिंगमधला फरक त्यांनी परीक्षेत लिहिलेला असतो, आकृतीसह. पण ‘तुझ्या प्रोग्रामची एक टेस्ट लिहून दाखव’ म्हटलं की शांतता पसरते. मग कोणीतरी प्रिंट मारतं, पडद्यावर आकडा उमटतो आणि ‘बरोबर वाटतंय सर’ असं उत्तर येतं. हे ‘वाटतंय’ घालवायचं असतं.

धानोऱ्याकडच्या एका मुलीने एकदा तेंदूच्या हिशेबाचाच प्रोग्राम आणला. घरी हंगामात वही तीच लिहायची. पायथन भाषेत तिने ‘पुडे’ नावाचं फंक्शन लिहिलं होतं, अगदी देवनागरीत. पायथनला ते चालतं, फक्त हे बहुतेकांना कोणी सांगितलेलं नसतं. फंक्शनचं काम सोपं होतं. पानांची संख्या घ्यायची आणि पुरे पुडे किती झाले ते सांगायचं. तिने पानांना ७० ने भागलं होतं, आणि उत्तर अपूर्णांकात येतं म्हणून त्याला राउंड लावलं होतं. ७० पानं दिली, उत्तर १ आलं. ७१ दिली, १ आलं. १४० दिली, २ आलं. सगळं ठीक.

मी म्हटलं, “६९ पानं असली तर किती पुडे?”

“एकही नाही. एक पान कमी असलं त पुडा घेत नाही जी फळीवर,” ती लगेच म्हणाली.

“मग तसंच लिही. ६९ दिले तर उत्तर शून्य. अजून रन करायचं नाही.”

तिने आधीच्या तीन आकड्यांसोबत याचीही टेस्ट लिहिली. पायटेस्ट नावाचं साधन वापरलं तर टेस्ट लिहायला फारसं काही लागत नाही. ‘टेस्ट’ने सुरू होणाऱ्या नावाचं एक फंक्शन करायचं आणि त्यात ‘असर्ट’ हा शब्द लिहून पुढे आपला दावा मांडायचा. पुडे काढायच्या फंक्शनला ६९ दिले तर उत्तर शून्याइतकं असलं पाहिजे, एवढी एकच ओळ. मग टर्मिनलवर पायटेस्ट चालवलं. आधीच्या तीन टेस्टचे तीन हिरवे ठिपके उमटले, आणि चौथ्या जागी लाल रंगात एफ. खाली कारणही लिहून आलं होतं: असायला हवं होतं ०, आलं १.

६९ भागिले ७० म्हणजे जवळपास ०.९९, आणि राउंडने ते वर उचलून १ केलं. तिच्या पहिल्या तीनही टेस्ट खऱ्या होत्या, पण त्यांच्यात पकडायची ताकद नव्हती. पुढे आम्ही आणखी दोन आकडे घालून पाहिले तेव्हा सगळेच खुर्चीत सावरून बसले. १०५ पानं म्हणजे दीड पुडा, राउंडने सांगितलं २. १७५ पानं म्हणजे अडीच पुडे, राउंडने सांगितलं तेही २. सत्तर पानं वाढली आणि पुडा एकही वाढला नाही! ही पायथनची चूक नाही. नेमका अर्धा उरला तर पायथन जवळच्या सम संख्येकडे वळतो, त्यामुळे दीड वर जातो आणि अडीच खाली येतो. नियम कागदोपत्री लिहिलेला आहे, पण तो कोणी मुद्दाम वाचायला जात नाही. टेस्टने तो दोन मिनिटांत समोर आणून ठेवला. राउंड काढून पायथनचा पूर्ण भागाकार लावला, जो उरलेली पानं सरळ सोडून देतो, आणि सहाही टेस्ट हिरव्या झाल्या.

मग एका मुलाने खोडसाळपणे उणे १ पान दिलं. पायथनने सांगितलं, उणे १ पुडा झाला आणि ६९ पानं शिल्लक राहिली. सी भाषेत हेच केलं तर शून्य पुडे आणि उणे १ पान शिल्लक असं उत्तर येतं. दोन्ही भाषा आपापल्या गणिताने बरोबर आहेत. पण जंगलात उणे पान कुठल्याच झाडाला लागत नाही, तेव्हा असा आकडा आला तर प्रोग्रामने तक्रार केली पाहिजे, हे ठरवावं लागलं. तक्रार होते की नाही याचीही टेस्ट लिहिता येते.

उत्तर आधी ठरवायचं, ही कल्पना फार जुनी आहे. अमेरिकन प्रोग्रामर केंट बेक यांनी ती आजच्या रूपात लोकप्रिय केली, पण शोध माझा नाही असं ते स्वतःच सांगतात. एका जुन्या प्रोग्रामिंगच्या पुस्तकात त्यांना ही रीत सापडली होती. माहितीची टेप घ्यायची, प्रोग्रामकडून जी टेप बाहेर यायला हवी ती आपण हाताने तयार करायची, आणि दोन्ही जुळेपर्यंत प्रोग्राम लिहीत राहायचं. बेक यांनी १९९४ च्या सुमारास स्मॉलटॉक भाषेसाठी टेस्ट चालवणारं छोटं साधन लिहिलं. १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात प्रोग्रामर एरिक गामा यांच्या शेजारी बसून त्याचाच जावा अवतार तयार केला, तो जेयुनिट. टेस्ट पास झाल्या की पडद्यावर हिरवी पट्टी, एक जरी फसली तरी लाल. जगभरच्या प्रोग्रामरांना ‘लाल-हिरवं’ ही बोली तिथून मिळाली.

पण लाल खुणेची हीच युक्ती त्याच्या काही वर्षं आधी गडचिरोलीत वेगळ्याच कामासाठी वापरली गेली होती. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेपुढे प्रश्न होता तो न्यूमोनियाने दगावणाऱ्या लहान मुलांचा. बाळाचा श्वास मिनिटाला किती वेळा चालतो यावरून न्यूमोनिया ओळखता येतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० ही मर्यादा, त्याहून मोठ्या बाळाला ५०. पण गावातल्या ज्या सुईणींनी हे ओळखायचं, त्यांना एवढं मोजणं जड जात होतं, आणि घड्याळ बघायची सवय नव्हती. म्हणून श्वास मोजायचं एक साधं यंत्र तयार झालं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेवर ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर बाळाला न्यूमोनिया आहे, औषध द्या. १९९२ मध्ये बालरोगशास्त्राच्या नियतकालिकात यावर त्यांचा लेख आला.

मला हे यंत्र म्हणजे युनिट टेस्टचा धाकटा नव्हे, थोरला भाऊ वाटतो. मर्यादा कुठे आहे ते जाणकारांनी आधी ठरवलं आणि मण्यात कायमचं ओवून ठेवलं. मोजणाऱ्या बाईला तिथे मत द्यायचं नव्हतं, अंदाज बांधायचा नव्हता. लाल आलं की आलं. चांगली टेस्ट अशीच असते. ती लिहिणाऱ्याने डोकं लावायचं, चालवणाऱ्याने फक्त रंग बघायचा. टेस्ट वाचून ‘बरोबर आहे की नाही’ असा वाद घालावा लागत असेल तर ती टेस्ट नीट लिहिलेली नाही.

आता हे शिकायचं कुठून? पुण्याला गेलेली मुलं सांगतात की कोर्स लावा, सर्टिफिकेट घ्या. नोकरीच्या अर्जावर सर्टिफिकेट दिसत असेल, त्याला माझी ना नाही. पण त्यातल्या व्याख्या पाठ करून कोणाला टेस्ट लिहिता आलेली मी पाहिलेली नाही.

आमच्याकडचा पहिला प्रश्न तर नेटवर्कचाच असतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं की भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा वेळी व्हिडिओ बघत शिकण्याचा सल्ला कोणाला द्यायचा? म्हणून मी सुरुवात ‘युनिटटेस्ट’पासून करायला सांगतो. हे साधन पायथनच्या आतच येतं, २००१ पासून येतं, वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही. पायटेस्टपेक्षा त्यात लिहायला चार शब्द जास्त लागतात, पण भामरागडात बसलेल्या मुलाला तेवढी किंमत परवडते. पायथनची अधिकृत माहितीपुस्तिका पूर्णच्या पूर्ण उतरवून घेता येते. एकदा चंद्रपूर किंवा आलापल्लीला आलात की ती पेनड्राइव्हवर घेऊन जा.

नेट बऱ्यापैकी असेल तर हार्वर्ड विद्यापीठाचा पायथनचा मोफत अभ्यासक्रम बघा, सीएस फिफ्टीच्या मालिकेतला. डेव्हिड मलान शिकवतात आणि त्यात एक पूर्ण आठवडा युनिट टेस्टला दिलेला आहे. नवशिक्यासाठी इतकं सरळ व्याख्यान मी दुसरं पाहिलेलं नाही. वर्ग काढायच्या फंक्शनमध्ये ते मुद्दाम गुणाकाराऐवजी बेरीज लिहितात. दोनाचा वर्ग चार, दोन अधिक दोन चार, टेस्ट पास! तीन दिल्यावर बिंग फुटतं. आमचे १४० पानांचे दोन पुडे आणि त्यांचा हा दोन, एकाच जातीचे. सोयीचा आकडा चूक झाकतो. अडचण एकच, व्याख्यान इंग्रजीत आणि वेगात आहे. ज्यांना ते झेपत नाही त्यांनी आधी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमधून पायथनची ओळख करून घ्यावी. प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांनी उभ्या केलेल्या या प्रकल्पात छोटे छोटे धडे आहेत आणि त्यातले बरेच मराठीतही आहेत. एका खिडकीत धडा, दुसरीत आपला कोड, अशी ती शिकायची रीत.

सरावासाठी एक्सरसिझम हे ठिकाण मला सर्वांत आवडतं. कॅटरिना ओवेन यांनी ते २०१३ मध्ये सुरू केलं, फुकट आहे, आणि गणितं आपल्या संगणकावर उतरवून घेऊन नेटशिवाय सोडवता येतात. प्रत्येक गणितासोबत टेस्ट आधीच लिहिलेल्या मिळतात. सगळ्या लाल. एकेक हिरवी करत जायचं. दुसऱ्याच्या चांगल्या टेस्ट वाचणं हे अर्धं शिक्षण आहे. पण अर्धंच. टेस्ट आयत्या मिळाल्या की कोणता आकडा टोचून बघायचा हे शोधायची सवय लागत नाही. म्हणून मी एक अट घालतो: गणित सुटलं की त्यात आपली एक टेस्ट वाढवायची, आणि ती निदान एकदा तरी लाल करून दाखवायची. जी टेस्ट कधी लाल झालीच नाही, ती काही तपासते आहे की नुसती बसून आहे, हे कळायला मार्ग नसतो.

पुस्तकांत केंट बेक यांचं टेस्ट-ड्रिव्हन डेव्हलपमेंटवरचं २००२ चं पुस्तक अजूनही पहिलं. पहिला भाग डॉलर आणि फ्रँकच्या हिशेबावर आहे, जावात. दुसऱ्या भागात ते टेस्ट चालवणारं साधनच पायथनमध्ये पायरीपायरीने बांधतात. पुस्तक लहान आहे आणि लेखक आपल्या शेजारी बसून बोलतो आहे असं वाटतं. हॅरी पर्सिव्हल यांचं पायथनवरचं पुस्तक नेटवर फुकट वाचता येतं, पण ते वेबसाइट बांधण्याच्या अंगाने जातं. ते सहा महिन्यांनी घ्या.

आणि या सगळ्याहून जास्त उपयोगी पडतो तो अभ्यासगट. हा शब्द आमच्या भागाला शिकवावा लागत नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने आपले नेते देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने कित्येक वर्षं अभ्यासगट चालवले. तिथे विषय समजून घ्यायचा, प्रश्न विचारायचे, निर्णय ग्रामसभेत. २००९ मध्ये या गावाला जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू विकायचा वाहतूक परवाना हाती आला, त्यामागे हा अभ्यास होता. चार मित्रांनी आठवड्यातून एकदा बसावं. एकाने टेस्ट लिहावी, दुसऱ्याने ती पास करणारा कोड लिहावा, तिसऱ्याने ‘६९ दिले तर?’ असं विचारत राहावं. तिसऱ्याची भूमिका सर्वांत महत्त्वाची, आणि ती सर्वांत आळशी मुलाला फार छान जमते, असा माझा अनुभव आहे.

मराठीत काम करणाऱ्याला टेस्टची आणखी एक गरज आहे, ती इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही. ‘चंद्रपूर’ या नावात अक्षरं किती? आपण म्हणू चार. ‘गडचिरोली’त पाच. पायथनला लांबी विचारा, दोन्हींना ८ सांगेल. तो अनुस्वार, काना, वेलांटी, पाय मोडायची खूण, सगळं सुटं मोजतो. फॉर्मवर नाव दहा अक्षरांत बसवायचं ठरवलेल्या प्रोग्रामची यात गंमत होते. ‘शेतकऱ्यां’मधला तो ‘ऱ’ संगणकात दोन रीतींनी लिहिला जाऊ शकतो, एकाच चिन्हाने किंवा ‘र’खाली नुक्ता देऊन. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण प्रोग्राम म्हणतो, ही नावं वेगळी आहेत. दोन याद्या जुळवायच्या असल्या तर एखादा माणूस यातून गायब होतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही. अंकांचंही तसंच. ‘७०’ असं देवनागरीत लिहिलेलं पायथन मुकाट्याने सत्तर म्हणून वाचतो. जावास्क्रिप्ट म्हणतो, ही संख्याच नव्हे. या चार टेस्ट मराठी माहितीवर काम करणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी लिहून ठेवाव्यात.

टेस्ट हिरव्या आहेत म्हणजे सगळं आलबेल, असं मात्र नाही. १९९९ च्या सप्टेंबरमध्ये नासाचं मंगळाकडे गेलेलं एक यान नष्ट झालं, कारण एका बाजूचं सॉफ्टवेअर रेट्याचा हिशेब पौंडात देत होतं आणि दुसरं तो न्यूटनमध्ये आहे असं धरून चाललं होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर एकाने पुडे मोजले, दुसऱ्याने त्यांना गोण्या समजलं. एकेक तुकडा तपासून हे सापडत नाही, तुकडे जोडून तपासावं लागतं. तो युनिट टेस्टच्या पुढचा धडा.

हल्ली मुलं एआयला कोड देतात आणि म्हणतात, याच्या टेस्ट लिहून दे. क्षणात वीस टेस्ट येतात, वीसही हिरव्या. मी त्यांना राउंडवाला कोड देऊन बघायला सांगितलं. कोड काय करतो हे वाचून टेस्ट लिहिली तर १०५ पानांचे २ पुडे हेच बरोबर उत्तर म्हणून त्यात बसतं. म्हणजे मुन्शीनेच वही लिहायची आणि मुन्शीनेच तपासायची. एआयला आधी नियम सांगा, पुडा म्हणजे पुरी ७० पानं, कमी चालत नाही. मग तो कामाचा.

पुड्यांच्या हिशेबाच्या त्या शनिवारी शेवटी एक प्रश्न उरलाच. उरलेली ६९ पानं दुसऱ्या दिवशीच्या हिशेबात धरायची का? एक जण म्हणाला, कालची पानं वाळून वळतात, कोण घेणार. दुसऱ्याचं म्हणणं, ओल्या कपड्यात ठेवली तर टिकतात, त्याच्या गावात घेतात. ती मुलगी म्हणाली, आजीला विचारावं लागेल. तेव्हा त्या टेस्टचं नाव लिहिलं, आत काही लिहिलं नाही, आणि वर स्किपची खूण केली. पायटेस्ट अशा टेस्टपुढे पिवळा एस उमटवतो आणि विचारलं तर आपण दिलेलं कारणही दाखवतो. कारणाच्या जागी तिने लिहिलं, ‘फळीवर विचारायचं आहे’.